रात्री रडणारं पिल्लू आणि बाल्कनीचं दार

"पहिल्या रात्री बाल्कनीत ठेवा, कितीही रडलं तरी दार उघडू नका, नाहीतर डोक्यावर बसेल." नवीन पिल्लू आणलेल्या घराला हा सल्ला हमखास मिळतो. त्यातून ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलेलं नाही, त्यांचा आवाज सगळ्यात ठाम! मला हा सल्ला साफ नामंजूर आहे.

दोन महिन्यांचं पिल्लू कालपर्यंत आईच्या पोटाशी, भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपत होतं. आज त्याला ना ओळखीचा वास, ना ऊब. ते रडणारच. एक खोका घ्या, त्यात जुनी चादर घाला आणि तो आपल्या पलंगाशेजारी ठेवा. रात्री कुंईकुंई सुरू झाली की नुसता हात खाली सोडायचा. घर अंगवळणी पडलं की खोका रोज थोडा थोडा सरकवत हॉलमध्ये नेता येतो. यात पिल्लू लाडावतं वगैरे काही नाही. उलट ज्याला सुरुवातीला सोबत मिळते, ते पुढे एकटं राहायला लवकर तयार होतं, असा माझा तरी अनुभव आहे.

दिवसाचा प्रश्न वेगळाच. सगळी बिल्डिंग बघायला येते, पोरं उचलून उचलून घेतात. एवढंसं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं हो! झोप मोडली की चिडतं, चावतं, आणि मग "तुमचं कुत्रं रागीट आहे" हेही ऐकून घ्यायचं. पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा.

शूचं म्हणाल, तर झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. तिथे केली की तोंडभर कौतुक. एरवी अंदाज असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास ते धरू शकतं, तेही फार तर. शूत नाक घासण्याची जुनी पद्धत कृपा करून बंद करा. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर करायची नाही. मग सोफ्यामागे सापडते.

खाणं आधी जे चालू होतं तेच काही दिवस ठेवा. दूध-पोळीने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. कांदा, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नकोत, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा.

आता खरी पंचाईत. लसींचे डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात. पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून तोवर रस्त्यावर, बागेत खाली सोडायचं नाही. पण जगाची भीती मोडण्याचं वयही नेमकं हेच, तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत. घरात कोंडलेलं पिल्लू पार्वोपासून वाचतं आणि पुढे आयुष्यभर रिक्षाला घाबरतं. यावर उपाय म्हणजे कडेवर घेऊन हिंडवणं. वॉचमनकाका, भाजीची गाडी, शाळेची बस, छत्री उघडणारा माणूस, सगळं कडेवरूनच दाखवा.

पुण्यात गणपतीच्या आधी ढोलपथकांचे सराव चालतात. तेव्हा एखाद्या संध्याकाळी पिल्लाला घेऊन लांब उभे राहा. कान टवकारून खाऊ खात राहिलं तर अंतर ठीक आहे. शेपूट पायात घालून खाऊ नाकारला तर तिथून परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी आणखी लांब उभे राहा.