सोफ्यांचं कौतुक झालं, आता तव्याचं बोला

वांद्र्यातल्या नव्या डायनरवर, म्हणजे अमेरिकी धर्तीच्या साध्या उपाहारगृहावर, तुम्ही छापलेल्या लेखात तिथले लाल सोफे, निऑन पाट्या, ज्यूकबॉक्स सगळं आलं, पण बर्गरच्या पॅटीवर, म्हणजे पावातल्या खिम्याच्या टिक्कीवर, जेमतेम एक ओळ! खरी गंमत तिथेच आहे. स्मॅश बर्गर म्हणजे खिम्याचा गोळा कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर दाबून पातळ करायचा, म्हणजे कडा जाळीदार, कुरकुरीत होतात. त्यासाठी खिम्यात साधारण २० टक्के चरबी हवी. अमेरिकेत गोमांसात ती सहज मिळते. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आल्यावर म्हशीचं मांस वापरतात, आणि ते कमी चरबीचं. वरून चरबी घालायचं ज्याला जमलं त्याचा बर्गर रसाळ, बाकीच्यांचा चामट. चिकनला ही दाबादाबी मानवत नाही, ते तळलेलंच मागवा.

आणि हो, डायनर ही मुळात कष्टकऱ्यांची स्वस्तातली सोय. १८७२ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात घोडागाडीतून रात्रपाळीवाल्यांना खाणं विकण्यापासून तिची सुरुवात झाली. इथे मिल्कशेकसकट दोघांचं बिल बघून घाम फुटतो. पुढच्या वेळी किमतीही छापा की राव!