चष्मा घरी राहिला

सभेत हात वर करण्याआधी तो कशासाठी वर जातोय, हे माणसाने बघून घ्यावं. "प्रौढ साक्षरता वर्गाला आठवड्यातून दोन तास कोण देईल?" असं संयोजक बाईंनी विचारलं, त्याच क्षणी मी कानाशी घोंघावणारी माशी हाकलली. बाईंनी माझं नाव लिहून घेतलं. टाळ्याही झाल्या. टाळ्या झाल्यावर 'अहो, माशी होती' असं सांगायला जे धैर्य लागतं, ते माझ्यात नाही. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच जबाबदाऱ्या अशाच आलेल्या आहेत.

तशी मी मनाची समजूत घातली. मराठी आपल्याला येतंच. वाचता येतं, लिहिता येतं. यातलं 'लिहिता येतं' हे मी सवयीने म्हणालो. हातात पेन धरून सहीपलीकडे काही लिहिल्याला किती वर्षं झाली, हे मला फळ्यासमोर उभं राहिल्यावर कळायचं होतं.

आधी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. सुरुवातीलाच साक्षर कोणाला म्हणायचं ते सांगितलं. युनेस्कोची १९५८ सालची व्याख्या अशी की, आपल्या रोजच्या जगण्याबद्दलचं एखादं छोटं, साधं विधान ज्याला समजून वाचता आणि लिहिता येतं, तो साक्षर. एवढंच ना, म्हणून मी पाय ताणून बसलो. मग स्वयंसेवकांचा फॉर्म हातात आला. सहावा रकाना होता, 'प्रस्तुत उपक्रमात सहभागी होण्यामागील प्रयोजन व तदनुषंगिक पूर्वानुभव नमूद करावा.' मी तो तीनदा वाचला. मग शेजारच्याच्या फॉर्मात डोकावलो. त्याने 'लागू नाही' लिहिलं होतं, मीही तेच लिहिलं. युनेस्कोच्या हिशेबात मी त्या क्षणी कुठे बसत होतो, हे मी कोणाला विचारलं नाही.

मग फ्रँक लॉबाक यांची गोष्ट सांगितली. हे अमेरिकन मिशनरी १९३० च्या सुमारास फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर मारानाओ लोकांना वाचायला शिकवत होते. मंदी आली, पैसा आटला, शिक्षकांचे पगार थांबले. तेव्हा तिथल्या एका सरदाराने सुनावलं की, जो शिकला त्याने पुढे आणखी एकाला शिकवायचंच, नाहीतर गाठ माझ्याशी आहे. जीवच घेईन म्हणाला, असंही सांगतात. 'प्रत्येकाने एकाला शिकवा' ही घोषणा तिथून जगभर फिरली. आमच्या संयोजक बाई इतक्या टोकाला जात नाहीत. त्या फक्त फोन करतात. रोज करतात.

पहिल्या दिवशी वर्गात नऊ जण होते. पहिल्या बाकावर एक आजी, त्यांच्यामागे तीस वर्षं गवंडीकाम केलेले एक काका, खिडकीशी मोबाईल घट्ट धरून बसलेल्या एक मावशी. मी रंगीत तक्ता टांगला आणि लहान मुलांच्या कार्यक्रमात बोलतात त्या आवाजात म्हणालो, "हे काय आहे बरं? कमळ! क कमळाचा!"

"कमळ बघितलंय आम्ही," काका म्हणाले. "क दाखवा."

मी क दाखवला. आजींनी तो पाटीवर काढला. मी 'शाब्बास!' म्हणालो आणि त्यांच्या पाटीच्या कोपऱ्यात चांदणीचं स्टिकर चिकटवलं. आजींनी आधी चांदणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही नजर मी ओळखतो. नवीन पाहुणा जेवताना पाटाऐवजी ताटातच बसला, तर घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस असं बघतं.

प्रशिक्षणात मी जिथे डुलकी काढली होती, नेमकं तिथेच हे सांगितलं होतं. मोठ्या माणसांना शिकवण्याचं शास्त्र वेगळं आहे. त्याला अँड्रॅगॉजी म्हणतात. आलेक्झांडर काप नावाच्या जर्मन शिक्षकाने १८३३ मध्ये हा शब्द वापरला आणि पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत माल्कम नोल्स यांनी तो सगळीकडे नेला. नोल्स यांचं म्हणणं थोडक्यात असं की, लहान मूल सांगाल ते शिकतं, मोठा माणूस आधी 'कशाला?' विचारतो. नोल्स यांनी हे पुस्तकात लिहिलं. आजींनी ते मला प्रत्येक तासाला तोंडी सांगितलं.

"ङ कशाला?" आजी.

"वर्णमालेत आहे."

"ते कळलं. लागतो कुठे?"

मी वाङ्मय म्हणालो. वाङ्मय म्हणजे काय, ते विचारलं. मी सांगितलं. आजी म्हणाल्या, "मग राहू दे." ङ राहिला. पाठोपाठ ञ राहिला. तिसऱ्या आठवड्यात आजींनी रफारही कापून टाकला. र हे अक्षर नसून बहुरूपी आहे, हे मला स्वतःला फळ्यावर लिहिताना कळलं. एकदा तो सरळ उभा राहतो, एकदा प्रमध्ये तिरका होऊन पोटात शिरतो, ट्रमध्ये खाली छत्री उघडतो, आणि कर्मात तर थेट पुढच्याच्या डोक्यावर चढून बसतो. "बोलताना आधी येतो आणि लिहिताना दुसऱ्याच्या डोक्यावर?" आजी म्हणाल्या. "असली माणसं मी पुष्कळ बघितलीत. मला नको हा. मला आयुष्यात लागणार नाही."

आजी मला 'सर' म्हणतात आणि 'तू' म्हणतात. 'सर, तू जरा फळ्यापुढून सरक.' इतकी नेमकी पदवी मला आजवर कोणी दिलेली नाही.

या सगळ्यांची हुशारी कशात असते, ते कळायला मला वेळ लागला. अक्षर येत नाही, हे जगापासून आयुष्यभर लपवणं हे कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड काम आहे, आणि माझ्या वर्गातले नऊच्या नऊ जण त्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. फॉर्म समोर आला की हाताला लागलेलं असतं. चिठ्ठी आली की 'तूच वाच, तुझा आवाज चांगला आहे.' बसची पाटी वाचायची नसते, शेजारच्याला विचारायचं नसतं, फक्त मोठ्याने म्हणायचं, 'ही आज उशिराच आली!' की कोणीतरी आपणहून सांगतं ही कुठली ते. आणि सगळ्यात वरचा डाव म्हणजे 'चष्मा घरी राहिला.' काकांनी तर या कामासाठी खिशात एक मोकळी चष्म्याची डबी ठेवली होती. ती काढायची, उघडायची, आत बघायचं, हळहळायचं. मी त्यांना ते दोनदा करून दाखवायला लावलं. अभिनयात कुठे खोट नव्हती.

आता त्या शिरोरेषेचं सांगतो. आजींनी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तो दिवस. पेन्सिल त्या मुठीत धरतात, उलथनं धरावं तशी. टोक दोनदा मोडलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी पाटी जवळ ओढली, जीभ दातांत धरली आणि आधी एक लांब आडवी रेघ मारली. मी म्हणालो, "आजी, आधी अक्षरं काढायची, मग वरून रेघ."

"दोरी बांधल्याशिवाय कपडे वाळत कुठे घालणार?"

मी त्यांना आपली पद्धत समजावली. त्या ऐकत होत्या आणि एकीकडे रेघेखाली एकेक अक्षर टांगत होत्या. प्रत्येक अक्षर रेघेला टेकलं की पेन्सिल तिथे किंचित दाबायच्या, चिमटा लावल्यासारखी. चार अक्षरं झाली. रेघ थोडी उरली. उरलेल्या रेघेकडे बघत आजी म्हणाल्या, "इथे सासरचं नाव बसलं असतं." आणि डस्टरने ती उरलेली रेघ पुसून टाकली.

ते अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी नम्रतेने म्हणत नाही, काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझी फळ्यावरची ओळ डावीकडून निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत उताराला लागते. काकांनी ती एक डोळा मिटून बघितली आणि म्हणाले, "सर, भिंत असती तर पाडायला लावली असती." पुढच्या तासाला ते सुतळी घेऊन आले. एक टोक एका विद्यार्थ्याने धरलं, दुसरं दुसऱ्याने, आणि मी मध्ये ओणवा होऊन सुतळीखाली 'गवत' लिहिलं.

तक्ता फसल्यावर मी घरी जाऊन वाचायला लागलो. तिथे ब्राझीलचे पाउलो फ्रेरे भेटले. १९६३ मध्ये आंजिकोस या गावात त्यांच्या पद्धतीने सुमारे तीनशे कामकरी माणसांना चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवलं. माझ्याकडे ङ आणि ञ अजून राहिलेलेच होते. फ्रेरे माणसांच्या जगण्यातलाच शब्द घ्यायचे. उदाहरणार्थ तिजोलो, म्हणजे वीट. आधी विटेवर गप्पा, मग शब्दाचे तुकडे ति-जो-लो, आणि मग त्या तुकड्यांची घराणी: ता, ते, ति, तो, तु. वाचता वाचता मी ओरडलोच, अरे, ही तर बाराखडी! फरक इतकाच की आमच्या लहानपणी बाराखडीआधी गप्पा नव्हत्या, छडी होती. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरे यांना तुरुंगात टाकलं. त्या काळी तिथे निरक्षरांना मत देता येत नव्हतं, त्यामुळे अक्षर शिकवणं म्हणजे मतदार तयार करणं होतं. आमच्या वर्गाची इतकी गंभीर दखल अजून कोणी घेतलेली नाही.

मी मोठ्या उत्साहाने फळ्यावर 'वीट' लिहिलं आणि गप्पा सुरू केल्या. त्या मला थांबवता आल्या नाहीत. वीट लावण्याआधी भिजवायची का, सांध्यावर सांधा का येऊ द्यायचा नाही, यावर काका पाऊण तास बोलले. वर्गाने इतकं मन लावून मला कधी ऐकलं नव्हतं. मीही वहीत टिपून घेतलं. शेवटी त्यांनी खडू घेतला आणि 'वीट' लिहिलं. काटकोनात.

"तुम्हाला कुठले शब्द हवेत?" मी मग सगळ्यांनाच विचारलं. मला घर, पाऊस, आई अशी अपेक्षा होती. मावशींनी मोबाईल पुढे केला. "हे काय लिहिलंय? मी चार वर्षं दाबतेय."

पडद्यावर होतं, 'मला सर्व अटी व शर्ती मान्य आहेत.'

मी वाचून दाखवलं. मावशी हादरल्या. "कसल्या अटी?"

"वरती लिहिलेल्या असतात."

"काय असतं त्यात?"

वर्ग शांत झाला. नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. "तुम्ही वाचता ना सर, दाबायच्या आधी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तेव्हा माझा चष्मा घरी राहिला होता." चष्मा नाकावरच होता. काकांनी काही न बोलता खिशातली मोकळी डबी काढून टेबलावर ठेवली.

जोडीला मराठी भाषा माझ्यावर उलटली ती वेगळीच. एक दिवस मी 'चार' आणि 'चारा' शेजारी लिहिले. काकांनी दोन्ही मोठ्याने म्हटले, पुन्हा म्हटले, आणि विचारलं की आवाज दोन आणि अक्षर एकच कसं? पन्नास वर्षं मराठी बोलून माझ्या हे कधी कानावर आलं नव्हतं. मी म्हणालो, हो, आपल्याकडे च, ज, झ दोन तऱ्हांनी उच्चारतात, पण लिहिताना एकच. "मग वाचणाऱ्याला कळतं कसं?" संदर्भाने, मी म्हणालो. आणि शहाणपणा करायला गेलो. "आता बघा, 'जरा' म्हणजे थोडं. पण तोच शब्द दुसऱ्या ज ने म्हटला तर जरा म्हणजे म्हातारपण."

आजी इतका वेळ गप्प होत्या. "म्हणजे जरा जरा आली, असं लिहिलं तर दोन्ही सारखंच दिसणार?"

"हो."

"आणि येतेही तशीच," आजी म्हणाल्या, आणि त्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता. मी ते वाक्य त्या दिवशीचं श्रुतलेखन म्हणून दिलं. नऊच्या नऊ बरोबर.

सहा महिने झाले. या काळात मी स्वतः मोबाईलवर एक परदेशी भाषा, बासरी आणि शेअर बाजार असे तीन ऑनलाइन कोर्स सुरू केले आणि तिन्ही दुसऱ्या धड्यावर सोडले. आजींची एक गैरहजेरी आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची. केनियात किमानी मारुगे २००४ मध्ये वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी पहिलीच्या वर्गात जाऊन बसले होते. हे मी आजींना सांगितलं, तर त्यांनी फक्त विचारलं, "त्यांनाही चांदणी चिकटवली का कोणी?"

मग परीक्षेचा विषय निघाला. क्युबात १९६१ मध्ये साक्षरतेची मोठी मोहीम झाली, हजारो तरुण मुलं खेडोपाडी शिकवायला गेली. तिथे शेवटची परीक्षा म्हणजे फिडेल कास्ट्रोंना स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. अशी लाखो पत्रं लिहिली गेली आणि ती तिथल्या संग्रहालयात जपली आहेत. मला ही कल्पना आवडली. आपल्याला कास्ट्रो नको, मी म्हणालो, ज्याला हवं त्याला लिहा.

वर्गात पेन्सिलींची खरखर सुरू झाली. मावशी लेकीला लिहीत होत्या, मध्येच थांबून हसत होत्या. काकांनी आधी पट्टीने समास आखला. मी हात मागे बांधून बाकांमधून फिरत होतो आणि मला पहिल्यांदाच शिक्षक असल्यासारखं वाटत होतं. आजींच्या बाकाशी आलो, वाकलो, तर त्यांनी कागदावर आडवा हात धरला.

"बघू ना आजी."

"बघायचं नाही."

"अहो, तपासायचं आहे."

"साठ वर्षं माझं प्रत्येक पत्र दुसऱ्याने वाचलंय," आजी म्हणाल्या. "लिहिलंय पण दुसऱ्यानेच. त्यातलं किती मी सांगितलेलं आणि किती त्याचं, देव जाणे. हे खासगी आहे. तू तिकडे जा."

मी तिकडे गेलो. खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. मागे खरखर चालूच होती, मध्ये टोक मोडल्याचा आवाज आला, शार्पनर फिरला, पुन्हा खरखर. मग ती थांबली.

"सर."

"काय आजी?"

"बघायचं नाही, नुसतं सांग. निर्लज्ज लिहायचं झालं, तर तो रफार कोणाच्या डोक्यावर?"

"लच्या," मी म्हणालो.