‘लगीन लावून द्या, सुटतंय सगळं’: नाही सुटत

आमच्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर असा: मोबाइलवर ‘तसलं’ बघण्याचा किंवा बाहेर जाण्याचा नाद हा आजार नाही, संस्कार कमी पडल्याचा प्रकार आहे. पोराचं लगीन लावून द्या, आपोआप सुटतंय. समुपदेशनवाले नुसत्या गप्पा मारून पैसे घेतात आणि डॉक्टरच्या गोळ्यांनी माणूस नामर्द होतो. बायकांना असलं काही नसतंच. आणि बेळगावात त्या डॉक्टरची पायरी चढलात की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतंय. शेवटी एका काढ्याची जाहिरात, एकवीस दिवसांत गुण, पार्सल घरपोच.

मेसेज कशासाठी लिहिलाय ते शेवटच्या ओळीत कळतंच. खरं त्याच्या आधीच्या ओळी आपली माणसं मनापासून मानतात, म्हणून एकेक धरून बोलायला हवं.

‘आजारच नाही’ इथपासून सुरू करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात अनावर लैंगिक वर्तनाची स्वतंत्र नोंद आहे. हे वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. नोंद दारूच्या व्यसनाशेजारी नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. याला व्यसन म्हणावं का, यावर तज्ज्ञांचं अजून भांडण चालू आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत तर हा विकार वेगळा धरलेलाच नाही. ते भांडण त्यांचं त्यांना मिटवू द्या. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे या नोंदीतल्या अटी. इच्छा आवरत नाही, तेच ते वर्तन पुन्हा पुन्हा होतं, सोडायचे प्रयत्न फसतात, हे सहा महिने किंवा जास्त काळ चालतं आणि त्यात तब्येत, नोकरी, घर यांची वाताहत होते. भिशीचा हप्ता चुकवून पैसे तिकडे जातात, कामावरून काढलं जातं, सुख तर कधीच संपलेलं असतं, तरी हात थांबत नाही. हा आजार.

मेसेज न मानणाऱ्यांनीही एक अट नीट वाचावी. ‘मी पाप करतोय’ एवढ्याच बोचणीवरून हे निदान करायचं नाही, असं त्याच नोंदीत स्पष्ट लिहिलंय. म्हणजे एखाद्या कॉलेजच्या पोराने अधूनमधून हस्तमैथुन केलं आणि रात्रभर देवाची माफी मागत बसला, तर तो रोगी नव्हे. त्याला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं की यानं अंगातली ताकद जात नाही, हाडं झिजत नाहीत. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ सुद्धा तेच सांगतं: समाजाच्या नैतिक चालीरीतींत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मेसेजनं गंमत केली आहे ती अशी, की ज्याला खरंच मदत हवी त्याला ‘संस्कार’ म्हणून घरी बसवलं आणि धडधाकट पोराला काढा विकला.

आता लग्नाचं. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण वधूवर मेळाव्यांत नावनोंदणीच्या टेबलावर मी बसते. आमच्या फॉर्मवर उंची, शिक्षण, देवक, शेती किती एकर, सगळे रकाने असतात. ‘व्यसन’ हाही एक रकाना आहे आणि त्यात ‘निर्व्यसनी’ सोडून दुसरं काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. फॉर्म देऊन झाला की मुलाची आई किंवा मामा टेबलावर वाकतात आणि हळूच म्हणतात, ‘पोरगं तसं चांगलं आहे हो, जरा मोबाइलच्या नादाला लागलंय, चार हात झाले की येतंय ताळ्यावर.’ हे वाक्य इतकं सहज येतं, की बोलणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या मुलीला औषध म्हणून मागतोय हे जाणवतही नाही.

लग्नानं का सुटत नाही? कारण अडचण शरीरसुख न मिळण्याची नसते. या वर्तनामागे बहुतेक वेळा एकटेपणा, ताण, कंटाळा, झोप न येणं, जुना मार, कधी उघडउघड डिप्रेशन असतं. मन ज्या क्षणी नको तिथं अडकतं, त्या क्षणी सुटका म्हणून तो मार्ग मेंदूनं शिकलेला असतो. सुटका दहा मिनिटांची, मग शरम, शरमेचा पुन्हा ताण आणि ताणावर पुन्हा तोच उपाय. या चक्रात बायको आली तरी चक्र फिरतंच, उलट लपवायला आणखी एक माणूस वाढतो. मेमध्ये लग्न होतं, सोयरीक चंदगड-गडहिंग्लजकडची. पाऊस सुरू होईपर्यंत मोबाइल उशाखाली परत. मग ती पोरगी माहेरी काही बोलली की सासरचं उत्तर तयार असतं: ‘तूच कुठंतरी कमी पडतीस.’ बाहेरच्या संबंधांतून रोग घरी आला तर तोही तिच्याच पदरात. लग्न हा उपचार असता, तर लग्न झालेले लोक या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलेच नसते. ते जातात, आणि भरपूर जातात.

‘नुसत्या गप्पा’ हे तिसरं. गप्पाच असतात, मान्य. खरं कसल्या, ते बघा. पहिल्या भेटीत सल्लागार बहुधा एक कागद देतो, त्यावर रेघा मारलेल्या: किती वाजता, कुठं, त्याआधी काय झालं, मनात काय होतं, काय केलं, नंतर कसं वाटलं. आठवडाभर भरून आणायचा. समजा, उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या एकानं लिहिलं: ‘रात्री ११.४०, माळ्यावर, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर बोललं, लाज वाटली, दोन तास बघितलं, सकाळी उठवत नव्हतं.’ अशा चार-पाच ओळी झाल्या की त्याचं त्यालाच दिसतं, की प्रत्येक वेळी आधी कुणीतरी अपमान केलेला आहे. वासनेचा संबंध नंतरचा. मग काम त्या अपमानावर होतं: त्या वेळी दुसरं काय करता येईल, ओढ आली तर तिला न झगडता पंधरा मिनिटं कशी जाऊ द्यायची, फोन रात्री कुठं ठेवायचा, रोख पैसे कुणाकडे द्यायचे, घसरलो तर ‘आता सगळंच गेलं’ म्हणून आणखी न घसरता दुसऱ्या दिवशी कसं उठायचं. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या या पद्धतीचा स्वीडनमध्ये १३७ पुरुषांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. सात आठवडे गटात उपचार घेतलेल्यांची लक्षणं, उपचाराची वाट बघत थांबलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली. असे अभ्यास अजून थोडेच आहेत आणि जादू कुणी सांगत नाही. काढ्यावर मात्र तेवढंही नाही.

गोळ्यांबद्दलची ओळ पूर्ण खोटी नाही, म्हणून ती पसरते. डिप्रेशन, चिंता यांवरच्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते, वीर्य बाहेर पडायला वेळ लागतो. हा दुष्परिणाम आहे, नामर्दपणा नव्हे, आणि डॉक्टरला सांगितलं तर तो डोस किंवा गोळी बदलतो. दारू सोडवायला वापरतात ते नाल्ट्रेक्सोनही काहींना देतात. खास याच विकारासाठी म्हणून मंजूर झालेली गोळी नाही, म्हणून जो डॉक्टर आधी तासभर विचारपूस करतो तो बरा, जो दारातच चिठ्ठी फाडतो त्याच्यापासून लांब राहा. सल्लागार निवडताना शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा.

काढ्याबद्दल एकच सांगते. लैंगिक शक्ती वाढवून देण्याची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. बसस्टँडच्या मुतारीतल्या पोस्टरवाल्यांना हे माहीत असतं, म्हणून तर पत्ता नसतो, नुसता मोबाइल नंबर असतो.

‘बायकांना नसतंच’ म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत २०१८ मध्ये छापलेल्या एका मोठ्या पाहणीत लैंगिक भावना, वर्तन आवरत नाही आणि त्याचा त्रास होतो असं सांगणारे पुरुष १०.३ टक्के होते आणि बायका ७ टक्के. हे निदान नव्हे, लोकांनी स्वतः सांगितलेला त्रास. खरं बायका नाहीतच, हे त्यात कुठं बसतं? आपल्याकडे बाई हे बोलली तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हाताऱ्यांचं मात्र सांगायलाच हवं. सत्तरीतले आजोबा अचानक घाणेरडं बोलायला लागतात, कामवालीच्या अंगाला हात लावतात. घरात म्हणतात म्हातारचळ, आणि दार लावून घेतात. यातल्या काहींना कंपवात असतो आणि प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असतं. या गोळ्यांनी कामवासना अनावर होऊ शकते, जुगाराची चटकही लागू शकते, हे वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. गोळी मनानं बंद करू नका, चिठ्ठी घेऊन ज्यानं लिहून दिली त्याच्याकडे जा. गोळी नसेल तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का तेही बघावं लागतं. तरुणात असाच अचानक बदल झाला, झोप उडाली, पैसे उधळायला लागला, तर तो बायपोलर या मनोविकारातला उन्माद असू शकतो. तिथं समुपदेशन नंतर, आधी मनोविकारतज्ज्ञ. आणि कामवालीचा हात धरला तो धरलाच. आजाराचं कारण सांगून तिची तक्रार दाबता येत नाही.

राहिलं गल्लीभर होण्याचं. भीती खोटी नाही. खडेबाजारात आपल्याला कुणी भेटत नाही असं कधी झालंय? खरं मनोविकार विभागाच्या बाकावर बसलेला माणूस झोपेसाठी आलाय, दारूसाठी की यासाठी, ते कपाळावर लिहिलेलं नसतं. शिवाय त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. अपवाद आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे: कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर सल्लागाराला गप्प राहता येत नाही.

बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, आणि केएलई रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. इथं नकोच असेल तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात, निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. मोबाइलचाच प्रश्न असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून त्याचा वेगळा दवाखाना चालतो. आणि कुणाचं तोंडच बघायचं नसेल तर टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालू असतं. ‘जायचं होतं खरं कन्नड येत नाही’ हे मी बऱ्याचदा ऐकते. तिथं भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. रुग्णालयात गेलात तर केसपेपर कन्नडमध्ये असेल, बोलणं मराठीत चालतं, सीमाभागातल्या डॉक्टरांना त्याची सवय आहे.

मेसेजमध्ये बायकोचं नाव कुठंच नाही. ‘तिनं सांभाळून घ्यावं’ एवढंही नाही. म्हणून तिच्यासाठी: नवरा उपचाराला गेला म्हणून त्याच्या मोबाइलची राखण करायचं काम तुमचं होत नाही. तुम्हाला स्वतःचा वेगळा सल्लागार मिळू शकतो, तो मागा. नवऱ्याचे बाहेर संबंध होते असं कळलं तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, निकाल तुमच्याच हातात देतात. त्याला सोबत न्यायची गरज नाही, त्याची परवानगीही लागत नाही. जाण्याआधी विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.