चैती

आमच्या फ्लॅटला अंगण आहे, असं मी लोकांना सांगतो. बिल्डरच्या नकाशात त्याला 'प्रायव्हेट गार्डन' म्हटलं होतं आणि बायको त्याला 'ड्रेनेजशेजारची पट्टी' म्हणते. रुंदी चार फूट. त्या चार फुटांत पाच वर्षांपूर्वी मी एक गुलाब लावला आणि तेव्हापासून मला निवांत असा रविवार मिळालेला नाही.

गुलाब आत्याचा. आत्या वाईला असते. बऱ्याच वर्षांपूर्वी ती नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या दर्शनाला गेली होती. तिथून जवळच हळदीघाटी. बाकीची मंडळी चेतकाची समाधी बघत होती, तेव्हा ही एका गुलकंदवाल्याशी गप्पा मारत बसली. परतताना सगळ्यांच्या पिशव्यांत गुलकंदाच्या बरण्या होत्या आणि हिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या. त्यातली एक वाईच्या परसात जगली. त्या झाडाची एक काडी माझ्या वाट्याला आली.

"हा चैती गुलाब," आत्या म्हणाली. "याला फार काही करावं लागत नाही."

आता, ज्याला फार काही करावं लागत नाही असं काही माझ्या हाती देणं हीच मुळात चूक. घरात मुलं ऐकेनाशी झाली की चाळिशीतला बाप झाडांकडे वळतो. झाडं उलट बोलत नाहीत आणि उठून दुसऱ्या खोलीत जात नाहीत. मी गुलाबाचा अभ्यास सुरू केला. ज्याला आपण दुकानातला गुलाब म्हणतो, लांब दांड्याचा, प्लॅस्टिकच्या पुंगळीत गुंडाळलेला, तो हायब्रिड टी. या घराण्यातला पहिला मान फ्रान्समधल्या 'ला फ्रान्स' या जातीला देतात. साल १८६७. त्याच्या आधीपासूनची जी घराणी, ते 'जुने गुलाब'. आमचा चैती हा दमास्कस गुलाबांपैकी, म्हणजे अत्तराच्या आणि गुलाबपाण्याच्या कुळातला. हे मी आत्याला फोन करून सविस्तर सांगितलं. ती "हो का," म्हणाली आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला.

मग खतं. गुलाबाला शेणखत लागतं, निंबोळी पेंड लागते आणि बोनमील लागतं. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, हे मी घरात सांगितलं नव्हतं. ते सोसायटीच्या कुत्र्यांनी जाहीर केलं. तीन कुत्र्यांनी एका रात्रीत झुडपाभोवती एवढा खड्डा केला, की सकाळी वॉचमनने पाइपलाइन फुटली का विचारलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी पुढचे आठ दिवस त्या बाजूची खिडकी उघडू दिली नाही. मग मी शाकाहाराकडे वळलो. चहाचा चोथा (धुऊन, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात), केळ्याची सालं, कांद्याच्या सालींचं पाणी. "त्या झुडपाचा नाश्ता माझ्यापेक्षा बरा असतो," असं मुलगा म्हणाला. ते खरंही होतं.

काट्यांबद्दल एक सांगायला हवं. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने गुलाबाला काटे नसतातच. लिंबाचा काटा हा खरा काटा, तो फांदीचाच अवतार. गुलाबाची ती नुसती सालीवरची वाढ, आतल्या लाकडाशी संबंध नाही, बाजूने दाबली की सुटून येते. हे ज्ञान मी बायकोला दिलं तेव्हा ती चिमट्याने माझ्या अंगठ्यातून त्यातलाच एक नसलेला काटा काढत होती. चैतीला तर हे इतके बारीक आणि दाट असतात की तो बोचत नाही, शर्टाला धरून ठेवतो. ऑफिसला निघताना जरा वाकून बघावं आणि अर्धा तास तिथेच अडकावं, असं दोनदा झालं. लेट मार्कचं कारण 'गुलाब' असं लिहायची हिंमत झाली नाही.

आणि मग छाटणी. पुण्यात गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. दसरा झाला की मी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, काढायचो, स्पिरिटने पुसायचो आणि झुडूप गुडघ्याएवढं खाली आणायचो. फांदीवर जिथून फुटवा येतो त्या, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर पाव इंच, तिरका काप. कापलेल्या टोकांना बुरशी लागू नये म्हणून लेप लावायचा असतो. बोर्डो पेस्ट कालवायचा कंटाळा आला म्हणून मी हळद लावायचो. दर दसऱ्यानंतर आमच्या पट्टीत बारा-पंधरा पिवळी टोकं उभी राहायची आणि येणारेजाणारे विचारायचे, "कुणाचं लग्न?"

छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फूल येतं, असं सगळे सांगतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मी टपोरे गुलाब बघून यायचो आणि घरी येऊन आमच्याकडे बघायचो. पानं भरपूर. हिरवीगार, तकतकीत, मावा कीडसुद्धा जिथे आवडीने येते अशी. फूल एक नाही. पहिलं वर्ष गेलं. दुसरं गेलं. नर्सरीवाल्याने फोटो बघून निदान केलं, "साहेब, कलम मेलंय, खालचं जंगली खुंट फुटलंय." मी म्हटलं, हे कलम नाहीच, काडी लावलेली आहे, याला खुंट कुठून असणार? तो थोडा विचार करून म्हणाला, "मग टॉनिक द्या." टॉनिक दिलं. तिसऱ्या वर्षी पानं आणखी तकतकीत झाली.

चौथ्या वर्षी ऐन नवरात्रात माझा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी तीन महिने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही असं बजावलं, खाली सिकेटर चालवायलाही बंदी. झुडूप मोकाट सुटलं. डोक्याच्या वर गेलं, कंपाउंडच्या जाळीवर लवंडलं, रस्त्याकडे झुकलं. मी खिडकीतून बघायचो आणि चुकचुकायचो.

फाल्गुन संपता संपता त्या लवंडलेल्या फांद्यांवर शेंड्यापासून बुंध्याकडे कळ्याच कळ्या.

मी व्हिडिओ कॉल लावला. आत्याने चष्मा वर करून बघितलं. "छान धरलाय की. इतकी वर्षं का नव्हता येत?"

"काय माहीत. या वर्षी छाटणी राहिली, बाकी सगळं तेच."

"छाटत होतास?" आत्या खुर्चीत सरळ बसली. "अरे, हा मागच्या वर्षीच्या काडीवर येतो. वर्षातून एकदा, चैत्राच्या आसपास. ऑक्टोबरात कापलास म्हणजे चैत्र कापलास! छाटायचाच असेल तर फुलून गेल्यावर, तोही बेताने."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू मला फ्रान्समधलं सांगत होतास."

फूल कसं होतं, ते सांगतो. दिसायला काही नाही. फिकट गुलाबी, चुरगळलेल्या रुमालासारखं, दांडा इतका कमी की फुलदाणीत ठेवलं तर बुडतं. दुपारपर्यंत पाकळ्या गळून मोकळं. पण सकाळी सहाला खिडकी उघडली की वास आत यायचा आणि सासूबाईंनी बंद ठेवलेल्या त्या खिडकीपाशी मी चहा घेऊन उभा राहायचो. हे मी आठ दिवस केलं. नवव्या दिवशी वास कमी आला. फुलंही कमी दिसली.

अत्तरासाठी हे गुलाब पहाटे, ऊन चढायच्या आत तोडतात, कारण उन्हाबरोबर वास उडून जातो. आमच्या सोसायटीत हे शास्त्र कुणाला ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. पण पहिल्या मजल्यावरचे काका बरोबर त्याच मुहूर्तावर, पावणेसहाला, मॉर्निंग वॉकला निघायचे. हातात दुधाची धुतलेली पिशवी आणि छत्री. चैत्रात. छत्रीची मूठ वाकडी असते, याचा असा उपयोग होतो हे मला पडद्याआडून समजलं.

मी उरलेल्या पाकळ्यांचा गुलकंद घातला. पाकळ्या वजनाला काहीच भरत नाहीत. खडीसाखरेचे थर देऊन तीन आठवडे उन्हात ठेवल्यावर लोणच्याची छोटी बाटलीसुद्धा अर्धीच झाली. त्याच सुमारास संध्याकाळी काका आले. हातात झाकलेली वाटी.

"घ्या, गुलकंद. घरच्या फुलांचा आहे."

मी घेतला. चांगला झाला होता. माझ्यापेक्षा चांगला.

"एक विनंती होती," काका म्हणाले. "तुमच्या त्या झुडपाची एक काडी मिळेल का? आमच्या बाल्कनीत लावीन म्हणतो. पहाटे खाली उतरायचं म्हणजे आता गुडघे दुखतात हो."

मी लगेच उठलो, चांगली पेन्सिलीएवढी जाड काडी निवडून कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. काकांना भरून आलं. दारापर्यंत जाऊन ते वळले.

"याला विशेष काही करावं लागतं का?"

"फार काही नाही, काका," मी म्हटलं. "फक्त दसरा झाला की न चुकता छाटायचा. अगदी गुडघ्यापर्यंत."