सोळा आणे, चौसष्ट पैसे

आज सकाळी पिशवी हातात देताना दूधवाल्याने विचारलं, "मग साहेब, सुटली का राजकन्या?"

मी काही न बोलता दार लावलं. रविवारपासून हा प्रश्न विचारणारा तो चौथा. पहिला वॉचमन, दुसऱ्या इस्त्रीवाल्या मावशी, आणि तिसरे सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरींशी गेल्या दोन वर्षांत माझं पार्किंग सोडून कुठल्याही विषयावर बोलणं झालेलं नाही, पण राजकन्येची चौकशी त्यांनी अगदी घरच्यासारखी केली. बेचाळिशीतल्या माणसाला लोकांनी मुलीची दहावी विचारावी, गुडघे विचारावेत, हप्ते किती राहिले ते विचारावं. मला राजकन्या विचारतात.

ही बातमी फोडली तळमजल्यावरच्या अण्णांनी. त्यांचा तरी काय दोष? दोष माझ्या लॅपटॉपचा.

रविवारी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. दुपारी जुनी हार्डडिस्क चाळताना एका फोल्डरात 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना कॉम्प्युटर गेम सापडला. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात कुठल्यातरी कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलं त्यांना जास्त सांगायला नको. साताऱ्याला आमच्या क्लासमध्ये चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. आत एसी असायचा. तो मुलांसाठी नव्हे, मशीनसाठी. देवळात आणि तिथे फरक एवढाच, की देवळात निदान प्रसाद मिळायचा. सर चहाला गेले की तेवढ्या दहा मिनिटांत एक फ्लॉपी खिशातून बाहेर यायची आणि पांढऱ्या कपड्यांतला तो पोरगा तळघरातून धावू लागायचा. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्हवरून हार्डडिस्कवर असं त्याला मी पंचवीस-तीस वर्षं जपलं होतं. दागिन्यांची एवढी काळजी घरात कोणी घेतलेली नाही.

डबल क्लिक केलं. पडद्यावर निळा चौकोन आला. हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, योग्य आवृत्तीसाठी प्रकाशकाकडे विचारणा करावी, अशा अर्थाचं इंग्रजी. खाली एकच बटण: क्लोज. हो-नाही काही नाही. नुसतं, निघा.

प्रकाशकाकडे! प्रकाशक म्हणजे ब्रॉडरबंड. ती कंपनी १९९८ साली दुसऱ्या कंपनीने घेतली. म्हणजे मालक वारला, वाडा पाडला, आणि फाटकावरची पाटी अजून सांगते आहे की किल्ली मालकाकडून घ्यावी. शिवाय हा खेळ ६४० केबी मेमरीच्या काळातला. माझ्या लॅपटॉपची मेमरी १६ जीबी. २६ हजार पट. हत्तीने मुंगीला सांगावं, तुझं ओझं मला झेपत नाही बाई!

मी त्या चौकोनाशी मोठ्याने भांडत असतानाच बेल वाजली.

अण्णांना हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापून हवा होता. अण्णा ७८ वर्षांचे, सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. नोव्हेंबर महिना लागला की त्यांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. यंदा त्यांनी अंगठा घेणाऱ्या यंत्रावर तीनदा अंगठा ठेवला आणि तिन्ही वेळा यंत्र म्हणालं, जुळत नाही. चाळीस वर्षं फायलींची पानं उलटून अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आता कागदी फॉर्म.

"प्रिंटर गरम होऊ दे तुझा, मला घाई नाही," म्हणत ते खुर्ची ओढून बसले. पडद्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणतोय हा?"

"चालणार नाही म्हणतोय. हा प्रोग्रॅम १६ बिटचा आहे अण्णा, आणि हा कॉम्प्युटर ६४ बिटचा."

अण्णांनी चष्मा पुसला. "मग अडलं कुठे? सोळा आणे म्हणजे चौसष्ट पैसे. एकच रुपया."

मी गप्प.

"१९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले. त्याच्या आधीचा हिशेब सांगतोय. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. सोळा काय नि चौसष्ट काय, रक्कम तीच. हा नाही म्हणतो म्हणजे ह्याचं गणित कच्चं आहे."

खरं कारण त्यांना सांगायचा मी प्रयत्न केला. बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात किती उचलतो त्याचं माप. प्रोसेसर ६४ बिटच्या चालीने चालू लागला, की विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या सोळा बिटच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली जुनी खिडकी त्याला उघडताच येत नाही. ३२ बिटच्या विंडोज १० मध्ये ती खिडकी होती. २०२१ साली विंडोज ११ आलं ते फक्त ६४ बिटचं.

"म्हणजे बत्तीस पैशांची अधेलीसुद्धा बंद केली," अण्णा म्हणाले. "नोटीस काढली होती?"

"कोणी?"

"कोणी काय! आमच्याकडे जुना फॉर्म बंद करायचा तर तीन महिने आधी परिपत्रक निघायचं. फलकावर लागायचं. तरी लोक जुनाच फॉर्म आणायचे आणि आम्ही तो घ्यायचो, कारण माणूस परगावाहून आलेला असायचा."

मला त्या क्षणी अण्णा फार आवडले. पुढच्या दोन तासांत ते प्रेम हळूहळू ओसरलं.

अशा वेळी इलाज एकच, डॉसबॉक्स. २००२ पासून फुकट मिळणारा हा प्रोग्रॅम लॅपटॉपच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा करतो. खोटा प्रोसेसर, खोटं साउंड कार्ड, खोटा सी ड्राइव्ह. खेळाला वाटतं आपण १९९० सालातच आहोत. "म्हणजे बहुरूपी," अण्णा म्हणाले, आणि मला यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण आजवर सापडलेलं नाही. मात्र या बहुरूप्याला काळ्या पडद्यावर हाताने माउंट वगैरे आज्ञा द्याव्या लागतात. उलटी तिरपी रेघ कीबोर्डवर कुठे असते ते मी विसरलो होतो. अण्णांनी शोधली.

आणि चाललं! ते सुरांचं चिरकं संगीत, तो महाल, ती वाळूची घटिका. माझे डोळे भरून आले. मागून आवाज आला, "ही कोण?"

इथे माझं चुकलं. "काही नाही अण्णा, असंच" म्हणून सोडून द्यायला हवं होतं. मी कथा सांगितली. सुलतान दूरदेशी लढाईवर गेला आहे. वजीर जाफरने सत्ता बळकावली आहे. राजकन्येला त्याने एक तास दिला आहे: लग्न कर, नाहीतर मर. आपण तळघरातून साठ मिनिटांत वर पोचायचं.

"सुलतान जाताना चार्ज कोणाकडे देऊन गेला?"

"वजिराकडे असणार."

"असणार म्हणजे? लेखी आहे का?"

"अण्णा, तसं खेळात काही दाखवत नाहीत."

"तिथेच घोळ आहे. चार्ज देताना यादी करायची असते. खजिना किती, चाव्या किती, राजकन्या एक. दोघांच्या सह्या. मग तो कसा लग्न करतो बघू." अण्णा आता खुर्ची पुढे घेऊन बसले होते. "आणि एक तास ही मुदत कोणत्या नियमाखाली? साधा चहाचा स्टॉल उठवायचा तरी आधी नोटीस द्यावी लागते. ह्यावर स्टे मिळाला असता. तिने अर्ज करायला हवा होता."

"कोणाकडे?"

"वजिराकडेच. पण प्रत सुलतानाला."

तेवढ्यात माझा राजपुत्र खड्ड्यातल्या सुळ्यांवर पडला. पुन्हा पहिल्यापासून. अण्णा म्हणाले, "घाई करतोस तू."

इकडे प्रिंटर गरम होऊन, फॉर्म छापून, थंड होऊन झोपलाही होता. अण्णा फॉर्मला हात लावेनात. ते राजपुत्राच्या धावण्यावर खूश होते. "खरा माणूस धावतोय असं वाटतं रे." वाटणारच. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला नि उड्या मारायला लावलं, त्याची व्हिडिओ फिल्म काढली आणि तिच्यावरून एकेक चित्र गिरवलं. खेळ १९८९ साली ॲपल टू कॉम्प्युटरवर आला, पुढच्या वर्षी डॉसवर. पुढे त्याचा मूळ कोड हरवला. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात मागे पडलेला फ्लॉप्यांचा खोका सापडला, त्यातून तो कोड जिवंत काढून जगाला वाटून टाकला गेला. जगात असेही वडील असतात. माझ्या फ्लॉप्या आमच्या आईने डायनिंग टेबलावर गरम चहाच्या कपाखाली वापरल्या. "एवढ्या पडून होत्या, म्हटलं उपयोग होईल," असं तिचं अजूनही म्हणणं आहे. आणि डाग पडला नाही, हेही ती सांगते.

पहिला टप्पा पार झाला आणि बाटल्यांची खोली आली. तिथे अक्षरं लिहिलेल्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि खेळ विचारतो: पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक क्रमांकाच्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं? ती बाटली प्यायची. चुकीच्या बाटल्या पीत राहिलात तर मेलात. चोरून कॉपी करणाऱ्यांना पकडायचा हा १९९० सालचा सापळा. खोक्यासोबत येणारी ती पुस्तिका साताऱ्यात आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. खरं तर खोकंच कोणी पाहिलेलं नव्हतं.

अण्णांना ही खोली मनापासून पटली. "पान क्रमांक, ओळ क्रमांक, शब्द क्रमांक. वा. हा माणूस ऑफिसात काम केलेला आहे. मूळ प्रत कुठे आहे तुझी?"

"नाही अण्णा."

"साक्षांकित प्रत?"

शेवटी मी नव्वदच्या दशकातला जगजाहीर मंत्र वापरला. खेळ बंद करून तो 'प्रिन्स मेगाहिट' असं लिहून सुरू करायचा, आणि मग शिफ्ट-एल दाबलं की पुढच्या टप्प्यात.

"वशिला," अण्णा म्हणाले. पण "मूळ प्रत गहाळ" या सबबीवर त्यांनी एवढ्या एकाच वेळेपुरती परवानगी दिली.

चोरीवरून आठवलं. २००४ साली पहिल्या पगारातून मी गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ विकत घेतला होता. खरा. पावतीसकट. आयुष्यात पैसे मोजून घेतलेला तो माझा पहिला खेळ, आणि तोच आता चालत नाही. त्या काळातल्या अनेक सीडींना सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. ते कुलूप विंडोजच्या गाभ्यात एक फाइल बसवून काम करायचं आणि त्या फाइलमधूनच चोराला आत शिरता येईल हे लक्षात आल्यावर विंडोज १० ने २०१५ साली तिला दारातच अडवलं. अडवलं ते बरोबर आहे. मला कळतं. पण निकाल काय लागला? ज्याने पैसे मोजले त्याची सीडी मुकी आणि ज्याने कुलूप तोडलेली प्रत फुकट मिळवली तो आजही गाडी पळवतो आहे. माझ्याकडे पावती आहे. ती मी कोणाला दाखवू? साधे पत्ते तरी होते, नव्वदपासून विंडोजबरोबर यायचे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आता त्या पत्त्यांतही मध्येच जाहिरात लागते, आणि ती नको असेल तर पैसे भरा म्हणतात. लाल राणीवर काळा गुलाम ठेवायचे पैसे. अण्णांनी निवृत्तीआधीची चार वर्षं ऑफिसात ते पत्ते लावले. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

असो. दुसऱ्या टप्प्यात पहारेकरी आला. तलवार चालवायची ती शिफ्टच्या बटणाने. मी चालवली. एक, दोन, तीन, चार, पाच. लॅपटॉपने टुंग केलं आणि खेळाच्या छातीवर एक चौकोन येऊन बसला: स्टिकी कीज चालू करायच्या आहेत का? शिफ्ट पाच वेळा दाबलं की विंडोजला वाटतं, ह्या माणसाला दोन बटणं एकदम धरणं जमत नाही, त्याला मदत हवी. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी सोय चांगलीच आहे. पण चौकोनाच्या मागे तो पहारेकरी थांबला नव्हता. मी "नाही" म्हणेपर्यंत राजपुत्र आडवा.

"तो मारत होता तेव्हा तू फॉर्म भरत होतास," अण्णा म्हणाले.

हेच वाक्य त्यांनी खाली जाऊन वॉचमनला सांगितलं. तिथून इस्त्रीवाल्या मावशी, तिथून सेक्रेटरी. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते हे मला सोमवारी कळलं. तोवर इमारतीत माझी ओळख ठरून गेली होती.

रविवारी छापलेला तो फॉर्म अजून माझ्या टेबलावरच आहे. रोज संध्याकाळी अण्णा तो न्यायला येतात, सोबत चिवड्याचा डबा असतो, आणि फॉर्म न नेता जातात. मी म्हटलं, "अण्णा, महिना संपेल, पेन्शन अडकेल." ते म्हणाले, "तू समोर बघ, फरशी हलतेय."

काल रात्री तिसऱ्या टप्प्यात पोचलो. बाहेरचं दार उघडलं, आणि परतीच्या वाटेवर पडलेला हाडांचा सापळा खडखडत उठला, तलवार सरसावून माझ्यावर धावून आला. कितीही वार करा, तो मरत नाही. मी शिफ्ट बडवत होतो. अण्णांनी चष्मा काढला, आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"ह्याचा जुळला वाटतं," ते म्हणाले.