एका पायावर तयार

नागपुरात ऊन फुकट, सल्ला फुकट आणि योगसुद्धा फुकट. पहिल्या दोन गोष्टी टाळता येत नाहीत हे जगजाहीर आहे. तिसरीही टाळता येत नाही, हे मला आत्ता आत्ता कळलं. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळानं विनामूल्य योगवर्गांची अशी काही सवय या शहराला लावून ठेवली आहे की, 'परवडत नाही' हे मध्यमवर्गाचं हुकमी कारण इथे पुढे करायची सोयच राहिलेली नाही. आमचा प्रतापनगरच्या बागेतला वर्ग मंडळाचा नाही, कॉलनीतल्याच एक निवृत्त शिक्षिका तो घेतात. पण फुकटपणात त्याही मागे नाहीत. उरलीसुरली कारणं ताईंनी निकालात काढली. "गुडघे दुखतात" म्हटलं तर, "खुर्ची आहे ना." "मॅट नाही", तर "सतरंजी आणा." "सकाळी नळ येतात", तर "म्हणून तर आपला वर्ग साडेपाचचा ठेवला, काकू."

मी तिथे पोचले ती मुलीमुळे. तिनं पुण्याहून एक बातमी पाठवली. २०२२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासाची. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांना दहा सेकंद एका पायावर उभं केलं. अनवाणी, हात अंगालगत सरळ, उचललेला पाय दुसऱ्या पोटरीमागे टेकवलेला, नजर समोर. तीनदा प्रयत्न करायची मुभा. साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या न जमलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. पाय डगमगला म्हणून माणूस गेला, असं अर्थात त्यात म्हटलेलं नाही. पण मुलीनं तेवढी ओळ पाठवायचं टाळलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात लगेच परीक्षा झाली. नवऱ्यानं फ्रिजला हात लावून दहा सेकंद पूर्ण केले आणि स्वतःला पास करून टाकलं. मी ओट्याला हात न लावता चारपर्यंत मोजलं.

खरं तर हे मला आधीच ठाऊक होतं. सलवार घालताना मी कपाटाचं हँडल धरते. अलीकडे त्या हँडलचा वरचा स्क्रू सैल होऊन ते तिरकं लोंबायला लागलंय. आम्ही सुताराला नावं ठेवत होतो.

वर्गात ताईंनी पहिल्याच आठवड्यात शास्त्र सांगितलं. माणूस उभा राहतो तो तिघांच्या भरवशावर: डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव, आणि तळपाय-सांधे. तिघं मेंदूला सारखी खबर देत असतात. वय वाढलं की तिन्ही खबरे सुस्तावतात, आणि सराव दिला की बऱ्यापैकी सुधारतात. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "आता डोळे मिटा." म्हणजे तिघांतला एक खबऱ्या आपणच सुट्टीवर पाठवायचा. पुढच्या क्षणाला आमची सबंध रांग एकमेकींच्या ओढण्या धरून उभी होती.

वृक्षासन हा आमचा रोजचा आयटम. मेमध्ये वादळ आलं की नागपुरात गुलमोहर रस्त्यावर आडवे होतात. आमच्या बागेत झाडं बाराही महिने पडतात. पाऊल मांडीला लावा, पोटरीला लावा, नाही जमलं तर घोट्याला लावा, फक्त गुडघ्यावर दाबू नका, असं ताई बजावतात. त्यांचं मोजणं ऐकण्यासारखं असतं. "पाच... सहा... सात... काकू, श्वास काहून रोखून राहिल्या? सोडा... सात..." त्या सातावर शाळेतली सगळी नोकरी निघाली असावी.

तोल राखायची किल्ली म्हणे नजरेत असते. समोरचा एक स्थिर बिंदू पकडायचा आणि सोडायचा नाही. आता नागपूरच्या बागेत सकाळी स्थिर काय असतं? मी एक कुत्रं निवडलं, ते उठून गेलं. मग बाकावरची माकडटोपी निवडली. टोपीतले गृहस्थ फोन आल्यावर मान डोलवायला लागले आणि त्यांच्याबरोबर मीही. शेवटी समोरच्या रांगेतल्या काकांचं टक्कल पक्कं केलं. उत्तम बिंदू. चकचकीत, ठळक. पण काकांनी स्वतःसाठी कुणाचा तरी अंबाडा निवडला होता, आणि त्या अंबाड्यानं आणखी कुणाला तरी. अंबाडा हलला, टक्कल हललं, मी हलले, माझ्या मागे काय झालं ते मी वळून पाहिलं नाही, पण आवाज बराच आला.

त्यात शेजारच्या हिरवळीवर हास्यक्लब भरतो. आम्ही कोलमडतो त्याच क्षणी तिकडे "हा हा हा" सुरू होतं. ते वेळापत्रकाप्रमाणे हसतात की आम्हाला, हे विचारायचं कसं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितलाय. मी हे ताईंना मोठ्या आशेनं दाखवलं, म्हटलं चार दिवस सुटले. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "किमान लिहिलंय, काकू. आणि तुम्ही कुठं पासष्टीच्या?" दुसऱ्या दिवसापासून एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालणं वाढलं. पदपथाच्या फरशांच्या जोडावरून आम्ही हात पसरून निघतो, तेव्हा तर्री-पोह्यांच्या गाडीवरची मंडळी प्लेट हातात धरून वाट करून देतात.

आणि तरीही, सांगायला हरकत नाही, कपाटाचं हँडल आता कुणी धरत नाही. निदान मी तरी.

नवऱ्याच्या मी बरेच दिवस मागे लागले. "तू करून राहिली ना, मग झालं," हे त्याचं उत्तर. फ्रिजवाला निकाल तो अजून ग्राह्य धरतो. शेवटी एका सकाळी बूट घालून निघाला. मी हरखले. बागेच्या फाटकातून आत आल्यावर मी डावीकडे वळले आणि तो उजवीकडे, हास्यक्लबात. तेही फुकट आहे, आणि तिथे दोन्ही पाय जमिनीवर ठेवू देतात, असं त्याचं म्हणणं. आता माझं पाऊल घोट्यावरून सुटायच्या बेतात असतं, तेव्हाच तिकडचं एक हसणं बाकीच्यांच्या आधी सुरू होतं. आवाज मी कुठेही ओळखीन.