‘आईने कधी तक्रार केली नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बायकांनी सगळ्यांच्या मागून जेवण्याच्या रीतीवरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, ‘आमच्या आईने जन्मभर शेवटी जेवण केले, कधी तक्रार केली नाही; तुम्हा शहरी बायकांना मात्र भरल्या ताटावर बसून दुःख उकरण्याची हौस.’ रक्तक्षयाला पाळी, जंत, जेवणावरचा चहा अशी इतरही कारणे असतात, हेही आपण नोंदवले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (२०१९-२१) आकडे, म्हणजे १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त, मी थेट पंगतीच्या रीतीशी जोडले, ते घाईचे झाले. मान्य. तो मुद्दा इथेच सोडते.

पण ‘शहरी बायका’ हा शब्द आपण कोणत्या माहितीवर वापरलात? वयाच्या १९व्या वर्षापर्यंत मी मिरज तालुक्यातील एका खेड्यात वाढले. पुरुषांची पंगत उठल्यावर कालवणाचे पातेले भाकरीच्या तुकड्याने पुसून घेणारी आजी मी रोज पाहिली आहे. तिनेही कधी तक्रार केली नाही, कारण ती ऐकायला चुलीपाशी होतेच कोण?

माझ्या आईनेही केली नाही. वडिलांची कामाची दुसरी पाळी असे तेव्हा ती रात्री साडेअकरापर्यंत उपाशी थांबे आणि दुसऱ्या दिवशी पित्ताने डोके धरून बसे. वडील गेल्यावर वाट पाहण्यासारखे कोणी उरले नाही, तेव्हा तिने चूल पेटवणेच सोडले. ‘एकटीसाठी काय करायचे?’ असे म्हणून चहा-खारीवर दिवस काढू लागली. आम्ही ते दुःखाच्या खाती टाकले. पुढे झोप उडाली, बोलणे तुटले, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी विचारले, ‘तुम्हाला काय खायला आवडते?’ तिने वडिलांना भरली वांगी आणि माझ्या भावाला शेपू आवडतो, असे सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा ती माझ्याकडे पाहू लागली. मला सांगता आले नाही. अशा बाईने तक्रार करायची तरी कशाची, हे आपणच कळवावे.

बायका प्रेमापोटी घरच्यांना जेवायला वाढतात, याविषयीचा आपला परिच्छेद मी वाचला. त्यात उत्तर देण्यासारखे काही नाही. आपले मत आपल्यापाशी राहो. मात्र ‘तुम्हा बायकांना’ अशी सुरुवात असलेल्या मजकुराला यापुढे उत्तर मिळणार नाही, आणि तेही टोपणनावाआडून लिहिलेल्या.